एका ओळीची ताकद: ‘मॅजिक’च्या पत्त्यांवरच्या क्षमता कशा चालतात

मेंढीकोट, बदाम सात, रमी, तीनशे चार हे आपले पत्त्यांचे खेळ घ्या. त्यांत किलवरच्या पंजाला स्वतःचं काही म्हणणं नसतं. त्याची किंमत किती, तो कधी टाकायचा, त्याने हात होईल की नाही, हे सगळं खेळाचे नियम ठरवतात आणि नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात असतात. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने नियमांचा मोठा भाग डोक्यातून काढून थेट पत्त्यांवर छापला. इथे पत्ता स्वतःच सांगतो की तो काय करतो. पत्त्यावरचा मजकूर आणि नियमपुस्तक यांच्यात विरोध आला तर पत्त्याचं खरं मानायचं, असं खुद्द नियमपुस्तकच सुरुवातीला सांगून ठेवतं.

हा खेळ रचणारा रिचर्ड गारफील्ड गणिताचा माणूस. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे मांडण्या आणि जुळण्यांच्या गणितात, पीएचडी केली आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन कॉलेजात शिकवलं. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या तेव्हाच्या छोट्या कंपनीच्या पीटर ॲडकिसनकडे तो आधी ‘रोबोरॅली’ हा बोर्डगेम घेऊन गेला होता. ॲडकिसनला मात्र खेळप्रेमींच्या संमेलनांमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल, सहज सोबत नेता येईल असा खेळ हवा होता. गारफील्डच्या मनात ‘कॉस्मिक एन्काउंटर’ हा १९७७ चा जुना खेळ होता. त्यात प्रत्येक खेळाडूला एकेका परग्रहवासी जमातीची शक्ती मिळते आणि ती शक्ती खेळाचा एखादा नियम मोडते. मॅजिकमध्ये ही मोडतोड प्रत्येक पत्त्यात उतरली. पहिल्या आवृत्तीत २९५ पत्ते होते. आज वेगवेगळे पत्ते पंचवीस हजारांच्या वर गेले आहेत.

इतके पत्ते कुणी पाठ करू शकत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. पत्त्यांवरची वाक्यं हजारो असली तरी त्यांचे साचे मोजके आहेत. नवा खेळाडू पत्ता हातात घेतला की आकडा बघतो: तीन डॅमेज, दोन पत्ते, चार लाइफ. सरावलेला खेळाडू आधी साचा बघतो. कारण ही गोष्ट नेमकी कधी घडणार, समोरच्याला तिला उत्तर देता येणार का आणि पत्ता मेला तर ती टिकणार का, ही तिन्ही उत्तरं साच्यात असतात. माझ्या मते मॅजिक शिकण्यातली खरी पायरी हीच आहे. ती चढलेल्या खेळाडूला कधीही न पाहिलेला पत्ताही वाचता येतो.

नियमपुस्तकात क्षमतांचे चार वर्ग आहेत: स्पेल, ॲक्टिव्हेटेड, ट्रिगर्ड आणि स्टॅटिक. पहिल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘लायटनिंग बोल्ट’ हा १९९३ पासूनचा पत्ता एक लाल मॅना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी जादूची ऊर्जा, घेतो आणि हव्या त्या लक्ष्याला ३ डॅमेज देतो. पत्ता खेळला, त्यावरची सूचना अमलात आली, पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात, गेला. एकदाच वापरायच्या पत्त्यांवर अशी थेट आज्ञा असते. खरी रंगत उरलेल्या तिघांत आहे, कारण त्या मैदानावर टिकून राहणाऱ्या पत्त्यांवर असतात.

ॲक्टिव्हेटेड क्षमता ओळखायची खूण म्हणजे मधला अपूर्णविराम, ते दोन टिंब. त्याच्या डावीकडे किंमत, उजवीकडे परिणाम. पहिल्या आवृत्तीतला ‘प्रॉडिगल सॉर्सरर’ हा जादूगार पाहा. ताकद १, सहनशक्ती १, म्हणजे अंगाने अगदीच किरकोळ. त्यावरची ओळ एवढीच: टॅप करा, म्हणजे पत्ता आडवा करा, आणि कोणत्याही एका लक्ष्याला १ डॅमेज द्या. आडवा करणं ही किंमत, डॅमेज हा परिणाम. कधी करायचं ते मालकाने ठरवायचं: स्वतःच्या खेळीत, समोरच्याच्या खेळीत किंवा लढाईच्या मधोमध. मात्र नुकताच मैदानात उतरलेला क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या पात्राचा पत्ता, लगेच टॅप करून चालत नाही. तुमची पुढची खेळी सुरू होईपर्यंत थांबावं लागतं.

आता डाव असा मानू. समोरच्याकडे हा जादूगार आहे आणि तुमच्याकडे ‘लानोवार एल्व्ह्ज’, म्हणजे टॅप केल्यावर एक हिरवा मॅना देणारा १/१ क्रीचर. समोरचा खेळाडू जादूगार आडवा करतो आणि म्हणतो, तुझ्या एल्व्ह्जला १ डॅमेज. तुमच्या हातात लायटनिंग बोल्ट आहे. तुम्ही तो लगेच जादूगारावर टाकता. जादूगार मरतो. एल्व्ह्ज वाचतात का?

नाही वाचत. क्षमता वापरली त्या क्षणी ती पत्त्यापासून सुटी झाली. धनुष्य मोडलं म्हणून सुटलेला बाण परत येत नाही, तसा जादूगार मेला तरी तो एक डॅमेज येतोच. नवख्यांच्या डावात सर्वांत जास्त वाद याच जागी होतात. उलट बाजूने पाहिलं तर अनुभवी खेळाडू याचाच फायदा घेतो. तुम्ही बोल्ट जादूगारावर टाकलात की तो लागण्याआधी मालक जादूगार टॅप करतो आणि जाता जाता एक डॅमेज देऊन टाकतो.

हा क्रम ठरवणारी व्यवस्था म्हणजे स्टॅक. पत्ता खेळला किंवा क्षमता वापरली की ती लगेच अमलात येत नाही, स्टॅकवर जाऊन थांबते. मग दोन्ही खेळाडूंना पाळीपाळीने संधी मिळते, तिला प्रायॉरिटी म्हणतात. जो उत्तर देईल त्याचं उत्तर आधीच्यावर जाऊन बसतं. दोघांनीही लागोपाठ ‘काही नाही’ म्हटलं की सर्वांत वरची गोष्ट घडते, आणि मग पुन्हा दोघांना संधी. म्हणून शेवटी बोललेल्याचं आधी होतं.

आज हे इतकं स्वाभाविक वाटतं की स्टॅक खेळाच्या जन्मापासून नव्हता हे सांगावं लागतं. तो आला १९९९ मध्ये, सहाव्या आवृत्तीबरोबर. त्याआधी ‘इंटरप्ट’ नावाचा एक वेगळा, जास्त वेगवान वर्ग होता आणि कुणाचं आधी हे ठरवताना खेळाडू मेटाकुटीला येत. पहिल्या आवृत्तीत क्षमतांची वर्गवारीसुद्धा पत्त्याच्या नावाखालच्या प्रकारात लपलेली होती. यंत्रं आणि वस्तू दाखवणारे आर्टिफॅक्ट पत्ते तेव्हा तीन जातींचे असत: वापरताना आडवे करायचे ते ‘मोनो’, किंमत भरून पुन्हा पुन्हा वापरता येणारे ते ‘पॉली’, आणि काहीही न करता सतत चालू राहणारे ते ‘कंटिन्युअस’. ॲक्टिव्हेटेड आणि स्टॅटिक हा भेद गारफील्डला पहिल्याच दिवशी दिसला होता, फक्त तो वाक्यात मांडायची रीत अजून सापडायची होती. टॅपची खूण, अपूर्णविराम आणि ठरलेली शब्दयोजना येत गेली तसा या जातींचा उपयोग उरला नाही. पत्ता कसा चालतो ते त्यावरची ओळच सांगू लागली.

क्षमता वापरणं आणि तिची किंमत भरणं यांच्यात फट नसते, हे ॲक्टिव्हेटेड क्षमतेचं दुसरं मर्म. किंमत भरली जात असताना कुणी मध्ये बोलू शकत नाही. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’ संचातला ‘मॉग फॅनॅटिक’ हा एका लाल मॅनाचा १/१ गोब्लिन त्याचं उत्तम उदाहरण आहे. त्याची ओळ: याचा बळी द्या आणि कोणत्याही लक्ष्याला १ डॅमेज द्या. बळी हीच किंमत असल्यामुळे त्याला मारायला गेलात की मालक त्याचा बळी देऊन मोकळा होतो. तुमचा पत्ता वाया. १९९९ ते २००९ या काळात लढाईतला डॅमेजसुद्धा स्टॅकवर जात असे. तेव्हा हा चिमुकला गोब्लिन २/२ क्रीचरला अडवायचा, लढाईचा १ डॅमेज स्टॅकवर चढला की स्वतःचा बळी द्यायचा आणि आणखी १ डॅमेज करायचा. दोन्ही मिळून समोरचा मोठा क्रीचर खलास. २००९ मध्ये ‘मॅजिक २०१०’ संचाच्या नियमांनी लढाईचा डॅमेज स्टॅकवरून काढला आणि ही खेळी कायमची गेली. पत्त्यावरचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

मॅना देणाऱ्या क्षमतांना मात्र स्टॅक लागू नाही. जादूगाराचा डॅमेज एल्व्ह्जच्या दिशेने निघालेला असताना तुम्ही एल्व्ह्ज टॅप करून हिरवा मॅना काढून घेऊ शकता. तो तत्क्षणी मिळतो आणि त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. हे नसतं तर प्रत्येक पत्त्याची किंमत भरताना दहा वेळा थांबून ‘काही म्हणायचंय?’ असं विचारावं लागलं असतं. पण ‘मॅना देणारी’ या शब्दांची मर्यादा काटेकोर आहे. २००२ चा ‘पोल्युटेड डेल्टा’ हा लँडचा, म्हणजे एरवी मॅना पुरवणाऱ्या जमिनीचा, पत्ता: टॅप करा, १ लाइफ भरा, त्याचा बळी द्या आणि डेकमधून आयलंड किंवा स्वॉम्प जातीचा एक लँड शोधून मैदानात ठेवा. दिसायला हे मॅनाचंच काम, पण ओळ मॅना देत नाही, लँड शोधून देते. म्हणून ती स्टॅकवर जाते. पुढच्याच वर्षी आलेला ‘स्टायफल’ हा एका निळ्या मॅनाचा पत्ता ॲक्टिव्हेटेड किंवा ट्रिगर्ड क्षमता रद्द करतो. समोरच्याने डेल्टाचा बळी दिला, लाइफ भरलं आणि तुम्ही स्टायफल टाकलात की किंमत गेली ती गेली आणि लँड मिळाला नाही. प्रसिद्ध ‘काउंटरस्पेल’ इथे निरुपयोगी आहे, कारण तो खेळलेला पत्ता रद्द करतो, क्षमता नाही.

आता ट्रिगर्ड. या ओळी ‘जेव्हा’, ‘दर वेळी’ किंवा ‘अमुक टप्प्याच्या सुरुवातीला’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात. इथे खेळाडू काही सुरू करत नाही. घटना घडते आणि क्षमता आपोआप जागी होते. १९९८ चा ‘सोल वॉर्डन’ म्हणतो: दर वेळी दुसरा क्रीचर मैदानात येईल तेव्हा तुम्हाला १ लाइफ मिळेल. क्रीचर कुणाचा हे विचारलेलं नाही, तुमची इच्छा आहे का हेही विचारलेलं नाही. ओळीत ‘हवं असल्यास’ असं लिहिलं नसेल तर ट्रिगर सक्तीचा असतो.

ट्रिगर जागा होणं आणि अमलात येणं या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि सगळी गंमत या मधल्या वेळेत आहे. २००९ चा ‘फेलिडार सॉव्हरिन’ सांगतो की तुमच्या अपकीपच्या, म्हणजे खेळीच्या आरंभीच्या टप्प्याच्या, सुरुवातीला तुमचं लाइफ ४० किंवा जास्त असेल तर तुम्ही डाव जिंकलात. नेहमीचा डाव २० लाइफवर सुरू होतो, म्हणजे हे सोपं नाही. समजा तुम्ही नेमके ४० वर पोचलात. अपकीप आला, ट्रिगर स्टॅकवर गेला. समोरचा शांतपणे तुमच्यावरच लायटनिंग बोल्ट टाकतो. तुम्ही ३७ वर येता. घटनेच्या लगेच मागे ‘असेल तर’ जोडलेली अशी अट दोनदा तपासली जाते, एकदा ट्रिगर जागा होताना आणि एकदा अमलात येताना. दुसऱ्या तपासणीत तुम्ही नापास होता आणि डाव पुढे चालू राहतो.

मृत्यूवर जागे होणारे ट्रिगर तर मागे वळून बघतात. २०१२ चा ‘ब्लड आर्टिस्ट’ म्हणतो: हा किंवा दुसरा कोणताही क्रीचर मरेल तेव्हा एका खेळाडूचं १ लाइफ जाईल आणि तुम्हाला १ मिळेल. ब्लड आर्टिस्ट धरून पाच क्रीचर मैदानात असताना कुणी ‘रॅथ ऑफ गॉड’ टाकून सगळ्यांना एकदम मारलं तर किती ट्रिगर? पाच. आर्टिस्ट स्वतः त्याच क्षणी मेला असला तरी सगळे गेले तेव्हा तो तिथे होता, म्हणून सगळे मृत्यू त्याच्या खात्यावर जमा होतात.

ट्रिगर्ड क्षमतेचं सगळं मर्म एकाच पत्त्यात पाहायचं असेल तर तो पत्ता म्हणजे २००७ च्या ‘लॉरविन’ संचातला ‘ऑब्लिव्हियन रिंग’. त्यावर दोन ओळी आहेत. पहिली: ही मैदानात येईल तेव्हा लँड सोडून दुसरा एक पत्ता खेळाबाहेरच्या जागी, एक्झाइलमध्ये, पाठवा. दुसरी: ही मैदान सोडेल तेव्हा तो पत्ता परत आणा. हेतू स्पष्ट आहे. रिंग आहे तोवर तो पत्ता कैदेत, रिंग फुटली की सुटका. पण या दोन स्वतंत्र ट्रिगर्ड क्षमता आहेत, आणि स्टॅकला हेतू कळत नाही, फक्त क्रम कळतो. रिंग मैदानात आली, पहिला ट्रिगर स्टॅकवर थांबला, आणि नेमक्या त्या वेळी रिंगच्या मालकाने स्वतःच रिंग मैदानातून काढली तर? दुसरा ट्रिगर जागा होतो आणि पहिल्याच्या वर जाऊन बसतो. तो आधी अमलात येतो: परत आणायचा पत्ता कोणता? अजून कोणी गेलेलंच नाही. काही घडत नाही. मग पहिला अमलात येतो आणि समोरच्याचा पत्ता एक्झाइलमध्ये जातो. आता त्याला परत आणणारी ओळच उरलेली नाही. कैद जन्मभराची झाली.

खेळाडूंनी ही फट आनंदाने वापरली. रचनाकारांनी पुढे ती बुजवली, आणि कशी बुजवली ते पाहण्यासारखं आहे. २०१४ चा ‘बॅनिशिंग लाइट’ तेच काम एका ओळीत करतो: हा मैदानात येईल तेव्हा समोरच्याचा एक पत्ता ‘हा मैदान सोडेपर्यंत’ एक्झाइल करा. परत येणं हा आता वेगळा ट्रिगर नाही, मुदत संपल्याचा परिणाम आहे. पहिली ओळ स्टॅकवर असतानाच लाइट गेला तर मुदत सुरू होण्याआधीच संपलेली असते, म्हणून पत्ता हलतच नाही. रचनेतली चूक दुरुस्त करायची तर ताकद कमी-जास्त करावी लागते असं आपल्याला वाटतं. इथे ताकद जवळपास तीच राहिली, वाक्याची बांधणी बदलली.

स्टॅटिक क्षमता या सगळ्यांहून शांत. त्यांना किंमत नाही, ‘जेव्हा’ नाही, स्टॅक नाही. त्या फक्त खऱ्या असतात, जोवर पत्ता मैदानात आहे तोवर. १९९८ चा ‘ग्लोरियस अँथम’ सांगतो की तुमच्या क्रीचरना ताकद आणि सहनशक्ती एकेकाने जास्त. अँथम आला त्या क्षणी सगळे वाढले. वाढण्याला उत्तर देता येत नाही, कारण वाढणं ही घटनाच नाही. पण जादूगाराचा डॅमेज जादूगारामागे उरतो तसं इथे काही उरत नाही. तुमचा १/१ गोब्लिन अँथममुळे २/२ आहे आणि त्याला १ डॅमेज लागलेला आहे. डॅमेज खेळी संपेपर्यंत अंगावर राहतो. समोरच्याने ‘डिसएन्चांट’ने अँथम उडवला की गोब्लिन पुन्हा १/१, अंगावर डॅमेज १, आणि खेळ स्वतःच त्याला ग्रेव्हयार्डमध्ये पाठवतो. कोणालाही प्रायॉरिटी मिळण्याआधी दर वेळी खेळ अशा गोष्टी तपासतो: कुणाची सहनशक्ती संपली, कुणाचं लाइफ शून्यावर आलं. या तपासणीलाही स्टॅक नाही आणि उत्तरही नाही.

स्टॅटिक ओळींचा एक पोटवर्ग मला सर्वांत भेदक वाटतो. ‘अमुक होणार असेल तर त्याऐवजी तमुक होईल’ असं सांगणाऱ्या या ओळी घटना घडण्याआधीच ती बदलून टाकतात. २०१२ चा ‘रेस्ट इन पीस’ मैदानात असताना ग्रेव्हयार्डमध्ये जाणारं काहीही त्याऐवजी एक्झाइलमध्ये जातं. आता वरचा ब्लड आर्टिस्ट आठवा. मॅजिकमध्ये मरणं म्हणजे मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं. रेस्ट इन पीसखाली क्रीचर मैदान सोडतात, पण ग्रेव्हयार्डमध्ये पोचत नाहीत, म्हणजे नियमाच्या अर्थाने कुणी मरतच नाही. ब्लड आर्टिस्टचा ट्रिगर रद्द झाला असं म्हणणं चूक ठरेल. तो जागाच झाला नाही. रेस्ट इन पीसवर आणखी एक ओळ आहे: हा मैदानात येईल तेव्हा सगळी ग्रेव्हयार्ड रिकामी करा. ही मात्र ट्रिगर्ड, म्हणून तिला उत्तर देता येतं आणि स्टायफलने ती रद्दही करता येते. एकाच पत्त्यावरच्या शेजारशेजारच्या दोन ओळी, आणि दोघींचा स्वभाव असा वेगळा.

काही वेळा साचा एका शब्दात दडलेला असतो. फ्लाइंग स्टॅटिक आहे, हत्यार क्रीचरला लावणारं इक्विप ॲक्टिव्हेटेड. हेक्सप्रूफ आणि वॉर्ड दोन्ही तुमच्या क्रीचरला समोरच्यापासून वाचवतात, पण हेक्सप्रूफ स्टॅटिक असल्यामुळे त्या क्रीचरवर नेम धरताच येत नाही, तर वॉर्ड ट्रिगर्ड आहे: नेम धरता येतो, मग ट्रिगर जागा होतो आणि जादा किंमत भरली नाही तर वार रद्द होतो.

लाइफलिंक या शब्दाची कहाणी यात सर्वांत बोलकी. या क्षमतेचा क्रीचर जितका डॅमेज करेल तितकं लाइफ मालकाला मिळतं. २००७ मध्ये हा शब्द आला तेव्हा ती ट्रिगर्ड क्षमता होती. समजा तुमचं लाइफ २ आहे. समोरून दोन क्रीचर चाल करून आले. एकाला तुमच्या ३/३ लाइफलिंकवाल्याने अडवलं, दुसरा मोकळा सुटला आणि त्याने २ डॅमेज केला. दोन्ही डॅमेज एकाच वेळी. तुमचं लाइफ शून्य. लाइफलिंकचा ट्रिगर जागा झाला, पण तो स्टॅकवर चढण्याआधी खेळाने तपासणी केली आणि तुम्ही हरलात. तीन लाइफ दारात उभं होतं. २००९ च्या बदलांत लाइफलिंक स्टॅटिक झाली आणि लाइफ मिळणं हा डॅमेजचाच भाग झाला. त्याच डावात आता दोनातून दोन गेले, तीन आले, आणि तुम्ही ३ लाइफवर खेळत राहता. हा बदल मला पूर्णपणे योग्य वाटतो. पत्ता हातात घेतलेल्या माणसाला जे व्हावंसं वाटतं तेच आता घडतं.

स्टॅटिक क्षमता शांत असल्या तरी एकमेकींशी भिडल्या की मॅजिकमधले सर्वांत कठीण प्रश्न तयार होतात. १९९७ चा ‘ह्युमिलिटी’ म्हणतो: सगळे क्रीचर आपल्या सगळ्या क्षमता गमावतात आणि मुळात १/१ होतात. १९९९ चा ‘ओपॅलेसन्स’ म्हणतो: बहुतेक इतर एन्चांटमेंट, म्हणजे मैदानात टिकून राहणाऱ्या मंत्रांचे, पत्ते आता क्रीचरही आहेत आणि त्यांची ताकद-सहनशक्ती त्यांच्या मॅनाच्या किमतीइतकी. ह्युमिलिटी स्वतः एन्चांटमेंट आहे. ओपॅलेसन्समुळे तो क्रीचर झाला. क्रीचर झाला म्हणून त्याच्याच ओळीने त्याची क्षमता गेली. क्षमता गेली तर ती काढून घेणारं कोण उरलं?

नियमपुस्तक यातून सात थरांनी वाट काढतं. नकला, ताबा, मजकूर, जात, रंग, क्षमता आणि शेवटी ताकद-सहनशक्ती, या क्रमाने स्टॅटिक परिणाम लागू करायचे. ओपॅलेसन्स चौथ्या थरात ह्युमिलिटीला क्रीचर करतो. सहाव्या थरात ह्युमिलिटी सगळ्यांच्या, स्वतःच्याही, क्षमता काढतो. पण एखादा परिणाम एका थरात सुरू झाला की तो पुढच्या थरांतही पूर्ण होतो, त्याला जन्म देणारी ओळ मधेच गेली तरी. म्हणून सातव्या थरात दोघंही आकडे ठरवतात, आणि जो मैदानात नंतर आला त्याचं चालतं. ह्युमिलिटी नंतर आला असेल तर तो १/१. ओपॅलेसन्स नंतर आला असेल तर चार मॅना किमतीचा ह्युमिलिटी ४/४. पंचांच्या परीक्षेत शोभावा असा हा प्रश्न एकदा उलगडला की थरांची गरज पुन्हा समजवावी लागत नाही.

ट्रिगर एकमेकांना भिडले तर साखळी तयार होते. ‘एक्झिक्विझिट ब्लड’ सांगतो की समोरच्याचं लाइफ जाईल तेवढं तुम्हाला मिळेल. ‘सँग्विन बाँड’ सांगतो की तुम्हाला मिळेल तेवढं समोरच्याचं जाईल. दोन्ही मैदानात असताना एक लाइफ इकडे किंवा तिकडे झालं की समोरचा शून्यावर येईपर्यंत चक्र थांबत नाही. याला निदान शेवट आहे. मैदानात लँड सोडून फक्त तीन ऑब्लिव्हियन रिंग असतील तर तोही नाही. तिसरी दुसरीला घालवते, म्हणून पहिली परत येते. पहिली सक्तीने तिसरीला घालवते, म्हणून दुसरी परत येते. दुसरी पहिलीला. कुणाच्याही हातात हे थांबवणारं काही नसेल तर नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो.

२०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी या सक्तीच्या साखळ्या टोकाला नेल्या. ‘रॉटलंग रीॲनिमेटर’ हा पत्ता म्हणतो की क्लेरिक जातीचा क्रीचर मरेल तेव्हा एक झॉम्बी जन्माला येईल. जातीचे शब्द बदलणाऱ्या दुसऱ्या पत्त्यांच्या मदतीने असे अनेक रीॲनिमेटर वेगवेगळ्या जातींवर नेमता येतात: ही जात मेली तर ती जन्मेल. मैदानातल्या क्रीचरच्या ओळीला गणकयंत्राची फीत मानलं, मरणाऱ्या क्रीचरची जात हे वाचलेलं चिन्ह आणि जन्मणाऱ्याची जात हे लिहिलेलं चिन्ह, की ट्यूरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचा गणिती नमुना, तयार. सगळे पत्ते खरे, स्पर्धेत चालणारे, आणि सगळं सुरू झाल्यावर दोन्ही खेळाडूंकडे एकही निवड उरत नाही. पण ट्यूरिंग यंत्र थांबेल की कायम चालत राहील हे सर्व यंत्रांसाठी ठरवणारी एकच रीत असू शकत नाही, हे १९३६ पासून सिद्ध आहे. म्हणजे मॅजिकचे असे डाव मांडता येतात की प्रत्येक पुढची चाल ठरलेली आहे, सगळे पत्ते उघडे आहेत, आणि तरीही कोण जिंकणार हे ठरवणारी सर्वसाधारण रीत पंचाजवळ नाही, संगणकाजवळही नाही.